पुन्हा त्याच रिंगणात : 'कॅचिंग फायर' वाचताना पडलेला एक प्रश्न

अर्धविराम (धागाकर्ती)

आरंभीच एक सूचना. हा धागा सुझान कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स' मालिकेतील 'कॅचिंग फायर' या दुसऱ्या कादंबरीविषयी आहे आणि तिचे सारे रहस्य, अगदी शेवटच्या ओळीपर्यंतचे, येथे उघड केलेले आहे. ज्यांना ती वाचायची आहे त्यांनी येथूनच परत फिरावे.

ज्यांनी पहिला भाग वाचून बरीच वर्षे झाली त्यांच्यासाठी थोडी उजळणी करते. पॅनेम नावाच्या राष्ट्रात एक श्रीमंत राजधानी, म्हणजे कॅपिटॉल, आणि तिच्या टाचेखाली बारा जिल्हे. जुन्या बंडाची शिक्षा म्हणून प्रत्येक जिल्ह्याने दर वर्षी सोडतीने एक मुलगा आणि एक मुलगी द्यायची, त्या चोवीस जणांनी एका रिंगणात एकमेकांना मारायचे आणि ते सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहायचे. कोळशाच्या खाणींच्या बाराव्या जिल्ह्यातली कॅटनिस धाकट्या बहिणीच्या जागी स्वतः जाते आणि शेवटी विषारी फळे तोंडात घालण्याची धमकी देऊन स्वतःला आणि आपल्याच जिल्ह्यातून आलेल्या पीटाला, अशा दोघांनाही जिवंत परत आणते. ही कथा २००८ साली आली. दुसरा भाग सप्टेंबर २००९ मध्ये आला.

माझा प्रश्न साधा आहे. निवेदन कॅटनिसचेच, प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळातले. मालिकेचा तिसरा भाग आहे हेही आज आपल्याला ठाऊक असते, म्हणजे दुसऱ्या भागात ती मरणार नाही हे पुस्तक हातात घेतानाच निश्चित झालेले असते. 'कोण वाचणार' हा पहिल्या भागाचा पेच येथे निकालात निघालेला असताना मी हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचतानाही रात्री दीडपर्यंत जागी का राहिले?

पहिल्यांदा वाचताना मला वाटले होते की हा ताण राष्ट्राध्यक्ष स्नो यांच्या भेटीतून येतो. विजेत्यांच्या वसाहतीतल्या तिच्या नव्या घरी, अभ्यासिकेत, रक्ताचा आणि गुलाबाचा वास घेऊन तो माणूस बसलेला असतो आणि अतिशय सभ्य शब्दांत एक अट घालतो: तू पीटाच्या प्रेमात वेडी होऊन ती फळे पुढे केलीस, बंड म्हणून नव्हे, हे विजययात्रेत जिल्ह्यांना पटवून दे, इतकेच नव्हे, मला पटवून दे. दुसरी एखादी लेखिका ही अट पुस्तकभर ताणत राहिली असती. कॉलिन्स मात्र ती पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातच संपवतात. विजययात्रा होते, कॅमेऱ्यासमोर लग्नाची मागणीही घातली जाते, कॅटनिस डोळ्यांनीच स्नोंना विचारते, आणि ते किंचित मान हलवून नकार देतात. परीक्षा संपली, निकाल नापास, आणि शिक्षा काय ते सांगितलेले नाही. या एका मान हलवण्यानंतर पुढच्या प्रत्येक घटनेकडे आपण 'हीच का ती शिक्षा?' या नजरेने पाहू लागतो. कॅटनिसचा जिवलग मित्र गेल याला रानातली टर्की मारल्याबद्दल चौकात फटके मारले जातात तेव्हा, जिल्ह्याच्या कुंपणात अचानक वीज सोडली जाते तेव्हाही.

खरी शिक्षा येते ती पुस्तक जवळजवळ अर्धे झाल्यावर. दर पंचविसाव्या वर्षी खेळांना एक खास नियम लावायचा, आणि तो नियम म्हणे बंड मोडले तेव्हाच पिवळ्या पडलेल्या लिफाफ्यांत घालून ठेवलेला. पंचविसाव्या खेळांत कोणाला पाठवायचे हे जिल्ह्यांनी मतदानाने ठरवले होते, पन्नासाव्यात दुप्पट मुले नेली होती. ७५ क्रमांकाच्या लिफाफ्यात लिहिलेले निघते की यंदाचे बळी जिवंत विजेत्यांतूनच निवडले जातील. बाराव्या जिल्ह्यात जिवंत विजेती स्त्री एकच आहे. त्यामुळे सोडतीची गरजच उरत नाही.

दुसऱ्या वाचनात मात्र मला निराळेच काही दिसले. पूर्वार्धात ताण या शिक्षेचा असतो, हे खरे. पण रिंगणात शिरल्यावर तिला तेथून सोडवण्याचा जो कट भोवतालच्या अनेकांना ठाऊक आहे तो निवेदन करणाऱ्या मुलीलाच ठाऊक नसतो. तिच्या जिल्ह्याचा जुना विजेता आणि तिचा मार्गदर्शक हेमिच याला ठाऊक आहे, रिंगणातल्या इतर विजेत्यांपैकी फिनिकला आहे, जोहानाला आहे, मुख्य खेळरचनाकार प्लुटार्क हेवन्सबी यांना तर आहेच. ती ज्याला विश्वासघात समजते तो बचावाचा भाग असतो. जोहाना तिच्या कोपराखाली सुरी खुपसते ती माग काढणारे यंत्र काढून टाकण्यासाठी. कॅटनिसला वाटते, हिने आपल्याला मारायला घेतले. आपण तिच्याच डोळ्यांत कोंडलेले असल्यामुळे आपल्यालाही तसेच वाटते. आणि गंमत अशी की लेखिकेने काहीही लपवलेले नसते, सगळे खुणेचे दगड वाटेवरच पडलेले असतात. मला तरी या ताणाचे रहस्य येथेच आहे असे वाटते. आपल्याला काय वाटते, ते जरूर लिहावे.

जुनाजाणता

धागा आवडला, परंतु मी आपल्याशी पूर्ण सहमत नाही. पुस्तकात एकूण सत्तावीस प्रकरणे आहेत आणि रिंगण सुरू होते ते एकोणिसाव्या प्रकरणात. म्हणजे दोन तृतीयांश पुस्तक संपेपर्यंत आपण प्रस्तावनेतच असतो. आणि एवढी वाट पाहून मिळते काय, तर पुन्हा तेच रिंगण, पुन्हा ते चोवीस जण, पुन्हा तो रथ, ती मुलाखत, तो पोशाख. दुसऱ्या भागाला नवे कथानक सुचले नाही म्हणून पहिल्याच भागाचा साचा वापरला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तसेच, आठव्या जिल्ह्यातून पळालेल्या दोन स्त्रिया रानातल्या नेमक्या त्याच झोपडीत कॅटनिसला भेटतात आणि नेमकी कॅपिटॉलने नष्ट झाला म्हणून सांगितलेला तेरावा जिल्हा अजून शिल्लक असल्याची बातमी देतात, हा योगायोग मला पचला नाही. हा ताण नव्हे, ही लेखिकेची सोय आहे.

रानपाखरू

जुनाजाणता, त्या दोन स्त्रियांबद्दल आपले म्हणणे मान्य करते. तो प्रसंग घाईत शिवलेला वाटतो. परंतु त्यांनी दिलेल्या पुराव्याकडे मात्र आपण दुर्लक्ष करू नये असे वाटते. तेराव्या जिल्ह्याच्या भग्नावशेषांचे म्हणून जे चित्रीकरण दाखवले जाते त्याच्या कोपऱ्यात दर वेळी तोच मॉकिंगजे पक्षी तसाच फडफडून जातो, म्हणजे ते ताजे नसून वर्षानुवर्षे तेच फिरवले जात आहे. कॉलिन्स कादंबऱ्या लिहिण्यापूर्वी मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांसाठी लेखन करत असत. पडद्यावरचे काय खरे आणि काय जुळवलेले, हे पाहण्याची नजर तेथूनच आली असावी असे मला वाटते. वाहिन्या बदलत असताना एकीकडे स्पर्धेचा कार्यक्रम आणि दुसरीकडे इराकमधील युद्धाची दृश्ये दिसली आणि त्यातून ही कल्पना सुचली, असे त्यांनी स्वतःच सांगितलेले आहे.

पुनरावृत्तीचा मुद्दा मात्र मला मान्य नाही. पहिल्या रिंगणातली मुले एकमेकांना ओळखत नव्हती. येथे आलेले विजेते वर्षानुवर्षांचे मित्र आहेत. ऐंशी वर्षांची मॅग्ज आहे, व्यसनाने पोखरलेले सहाव्या जिल्ह्याचे विजेते आहेत, आणि मुलाखतींच्या शेवटी हे सगळे चोवीस जण व्यासपीठावर एकमेकांचे हात धरून उभे राहतात, तेव्हा प्रक्षेपण घाईने तोडावे लागते. साचा तोच ठेवल्याशिवाय त्याला पडलेली ही चीर दिसली नसती.

मला तर वाचताना सतत बकासुराची गोष्ट आठवत होती. एकचक्रेत पाळीपाळीने एकेका घराने माणूस द्यायचा, आणि एके दिवशी ज्याची पाळी नाही असा कोणी तरी त्याच्या जागी जातो. कॉलिन्स यांनी आपला धागा ग्रीकांच्या थीसियसच्या कथेशी जोडला आहे, ज्यात अथेन्सने क्रीटला सात मुलगे आणि सात मुली पाठवायच्या असतात. पण मूळ भीती एकच आहे. भीमाने बकासुर मारला आणि गोष्ट संपली. येथे मात्र गाड्यातून गेलेली व्यक्ती जिवंत परत येते आणि राक्षस तिला पुढच्या वर्षी नावाने बोलावतो.

अर्धविराम

रानपाखरू, बकासुराची तुलना अतिशय समर्पक आहे आणि ती माझ्या ध्यानात आली नव्हती, याचे आता वाईट वाटते आहे.

जुनाजाणता, पूर्वार्ध संथ आहे हे मीही पहिल्या वेळी म्हटले होते. परंतु अकराव्या जिल्ह्यातला प्रसंग आठवून पाहा. पहिल्या रिंगणात मेलेली तिची छोटी साथीदार रू, तिच्या घरच्यांसमोर कॅटनिस मनापासून दोन शब्द बोलते, गर्दीतला एक वृद्ध रूचीच चार स्वरांची शीळ घालतो, सगळा जमाव तीन बोटे ओठांना लावून तिच्याकडे उंचावतो. ती विसरलेली फुले घ्यायला मागे वळते आणि त्या वृद्धाला पायऱ्यांवर गोळी घातलेली पाहते. तिने काहीही वावगे केलेले नसते, केवळ आभार मानलेले असतात. यापुढे तिचे प्रत्येक चांगले वाक्य कोणाचा तरी जीव घेऊ शकते, हे कळल्यावर मला तरी तो पूर्वार्ध संथ वाटत नाही.

शब्दवेल्हाळ

मी भाषांतराची कामे करतो, त्यामुळे माझे लक्ष निवेदनाच्या काळाकडे गेले. हे पुस्तक मराठीत आणायचे झाल्यास पहिल्याच परिच्छेदात दोन अडचणी उभ्या राहतील.

पहिली अडचण वर्तमानकाळाची. आपल्याकडे 'मी धावते' म्हटले की ती सवय वाटते, आणि 'मी धावत आहे' असे चारशे पाने लिहिले तर ते क्रिकेटचे धावते समालोचन वाटू लागते. व्याकरणात ज्याला आपण ऐतिहासिक वर्तमान म्हणतो तो मराठीत घडून गेलेल्या गोष्टीला जिवंतपणा आणण्यासाठी येतो. म्हणजे सांगणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. अर्धविराम ज्या न कळण्याविषयी बोलत आहेत ते इंग्रजी मजकुरात क्रियापदाच्या रूपातूनच साधले गेले आहे: कॅटनिसला पुढच्या क्षणी काय होणार हे ठाऊक नाही, कारण तिच्यासाठी पुढचा क्षण अजून आलेलाच नाही. भूतकाळात लिहिले असते तर 'मला तेव्हा कल्पना नव्हती की…' हे वाक्य कधी ना कधी आलेच असते, आणि ते आले की ताणाला छिद्र पडते.

दुसरी अडचण लिंगाची. इंग्रजीत प्रथमपुरुषी निवेदक मुलगा की मुलगी हे काही काळ न सांगता राहता येते. मराठीत पहिल्याच क्रियापदाला ते कबूल करावे लागते. या मालिकेत त्याने फारसे बिघडणार नाही, परंतु ज्या कादंबऱ्यांचा पेच निवेदकाच्या ओळखीवरच उभा असतो, त्यांचे काय करावे, हा मला नेहमी छळणारा प्रश्न आहे.

पडद्यामागे

शब्दवेल्हाळ यांच्या प्रतिसादाला धरूनच चित्रपटाविषयी लिहितो. २०१३ साली फ्रान्सिस लॉरेन्स यांनी दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात कॅटनिसच्या डोळ्यांची चौकट मोडलेली आहे. स्नो आणि हेवन्सबी यांच्यातली खासगी संभाषणे आपल्याला दाखवली जातात, जी पुस्तकात असणे शक्यच नव्हते, कारण ती तेथे नसते. वरकरणी पाहता यामुळे रहस्य फुटायला हवे होते. घडते ते उलटेच. फिलिप सेमूर हॉफमन यांनी साकारलेले हेवन्सबी स्नोंना सल्ला देतात की फटके आणि लग्नाचे सोहळे आलटून पालटून दाखवा, म्हणजे लोकांचा तिच्यावरचा विश्वास उडेल. आणि आपण त्यांना सरळ खलनायकाच्या खात्यात टाकतो. पुस्तक माहिती न देऊन चकवते, तर चित्रपट खरी संभाषणे दाखवून चकवतो. मला चित्रपटाची पद्धत अधिक धाडसी वाटते, कारण त्यात प्रेक्षकाला तक्रार करायला जागाच उरत नाही.

रिंगणाची दृश्ये आयमॅक्स कॅमेऱ्यांनी चित्रित केली होती आणि कॅटनिस काचेच्या नळीतून वर येते त्या क्षणी पडद्याची चौकट हळूहळू मोठी होत जाते.

शिशिर_पान

माझी मुलगी बारा वर्षांची आहे आणि तिने पहिला भाग दोन दिवसांत संपवून दुसऱ्याची मागणी केली आहे. द्यावा की थांबावे? तिच्या एका मैत्रिणीच्या आईने तर 'मुलांनी मुलांना मारण्याची पुस्तके घरात नकोत' असे सुनावले.

रानपाखरू

शिशिर_पान, ही चिंता आपल्या एकट्याची नाही. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दर वर्षी सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या दहा पुस्तकांची जी यादी काढते तिच्यात ही मालिका २०१०, २०११ आणि २०१३ साली होती. माझे मत विचाराल तर पहिला भाग पचवलेल्या मुलीला दुसरा देण्यास हरकत नाही. त्यात रक्त कमी आणि भीती अधिक आहे. जॅबरजे पक्ष्यांच्या प्रकरणी मात्र तिच्याजवळ असावे. ते पक्षी विजेत्यांच्या प्रियजनांच्या किंकाळ्यांची नक्कल करतात आणि कॅटनिसला धाकट्या बहिणीचा आवाज ऐकू येतो. मी चाळिशीत वाचले तरी पुस्तक मिटवून पाणी प्यायला उठले होते. तिसऱ्या भागासाठी मात्र थोडे थांबावे.

प्रवासी_पाऊल

अर्धविराम यांनी तीन बोटांच्या खुणेचा उल्लेख केला म्हणून लिहितो. नोकरीनिमित्त मी काही वर्षे बँकॉकमध्ये होतो. थायलंडमध्ये मे २०१४ मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यानंतर विरोधकांनी हीच खूण उचलली आणि लष्कराने तिच्याबद्दल तंबी दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मालिकेतला पुढचा चित्रपट प्रदर्शित होताना ही खूण करणाऱ्या विद्यार्थ्यांना ताब्यात घेण्यात आले आणि बँकॉकमधील एका चित्रपटगृह समूहाने खेळच रद्द केले. पुढे २०२१ साली म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यावर तेथील डॉक्टर, शिक्षक आणि विद्यार्थी हीच तीन बोटे उंचावून रस्त्यावर आले, आणि संयुक्त राष्ट्रांतील म्यानमारचे राजदूत क्याव मो तुन यांनी आमसभेतल्या भाषणाच्या शेवटी ती करून दाखवली.

मूळ पुस्तकांत ही बाराव्या जिल्ह्यातली जुनी, अंत्यविधीच्या वेळी क्वचित केली जाणारी खूण आहे: आभार, आदर आणि निरोप. पहिल्या भागात ती शोकाचीच राहते. तिचे बंडाच्या खुणेत रूपांतर होते ते दुसऱ्या भागात, अकराव्या जिल्ह्याच्या त्या चौकात, आणि ते करते ती गोळी. मनाई झाल्यामुळेच खुणेला अर्थ येतो, ही गोष्ट कॉलिन्स यांनी थायलंडच्या पाच वर्षे आधी लिहून ठेवली होती. जुनाजाणता, केवळ या कारणासाठी तरी आपण पूर्वार्धाला क्षमा करावी.

जुनाजाणता

क्षमा अर्धी केली. परंतु शेवटाचे काय? कॅटनिस तारेचे टोक बांधलेला बाण रिंगणाभोवतीच्या अदृश्य क्षेत्रकवचावर सोडते, रिंगण फुटते, ती हवाई यानात जागी होते, आणि तीन-चार पानांत हेमिच आणि हेवन्सबी उभ्या उभ्या सगळे समजावून सांगतात. त्यानंतर गेल येऊन सांगतो की बारावा जिल्हा आता उरलेला नाही, आणि पुस्तक संपते. ज्यांनी ते सप्टेंबर २००९ मध्ये विकत घेतले त्यांना पुढचे पान वाचायला ऑगस्ट २०१० उजाडला. याला मी शेवट म्हणत नाही, 'क्रमशः' म्हणतो. आपल्याकडे मासिकांतून वाचणाऱ्या पिढीला त्याची सवय होती, पण ते पुस्तक म्हणून विकत घेतलेले नसे.

अर्धविराम

हा आक्षेप मला मान्य आहे. स्पष्टीकरणाची ती पाने घाईची आहेतच. जे दाखवण्यात लेखिकेचा हात इतका चांगला चालतो ते तेथे केवळ सांगितले जाते. शेवटच्या वाक्याबद्दल मात्र माझे मत निराळे आहे. बचाव यशस्वी झाला, हे कळताच त्याची किंमत कळते. ती किंमत सांगायला पीटा नाही, कारण त्याला कॅपिटॉलने पकडले आहे. सांगणारा गेल आहे. ही निवडच पुढच्या भागाचा अर्धा संघर्ष मांडून ठेवते.

बारा_खडी

थोडे नवे. मार्च २०२५ मध्ये आलेली 'सनराइज ऑन द रीपिंग' ही कादंबरी हेमिचच्या, म्हणजे पन्नासाव्या खेळांची आहे. तिचे रहस्य सांगत नाही, परंतु ती वाचून 'कॅचिंग फायर'कडे परतल्यास आगगाडीतला तो प्रसंग, जेथे कॅटनिस आणि पीटा हेमिचच्या खेळांची जुनी चित्रफीत पाहतात, अगदीच वेगळा दिसू लागतो. आपण जे पाहिले ते किती कापून जोडलेले होते, हे तेथे कळते. रानपाखरू यांनी सांगितलेल्या त्या फडफडणाऱ्या पक्ष्याचाच हा मोठा भाऊ म्हणायचा. मॅग्ज आणि तिसऱ्या जिल्ह्याचे विजेते बीटी व वायरेस हेही तेथे पंचवीस वर्षांनी लहान भेटतात, आणि त्यानंतर रिंगणातल्या विषारी धुक्यात चालत जाणारी मॅग्ज पुन्हा वाचणे मला जड गेले.

सायली_नव्हे_शेवंती

या धाग्यामुळे पुस्तक पुन्हा काढले आणि गेल्या आठवड्यात संपवले. अर्धविराम यांनी म्हटलेले खुणेचे दगड मी वहीत टिपत गेले. काही येथे देते.

राष्ट्राध्यक्षांच्या मेजवानीत हेवन्सबी आपल्या घड्याळाच्या तबकडीवर क्षणभर उमटणारा मॉकिंगजे, म्हणजे कॅटनिसच्या बिल्ल्यावरचा पक्षी, तिला दाखवतात आणि बैठक मध्यरात्री सुरू होते असे म्हणतात. तिला ती श्रीमंताची बढाई वाटते. पुढे रिंगणच घड्याळाच्या तबकडीसारखे निघते, बारा पाचरींचे, दर तासाला एकीत नवे संकट, आणि मध्यरात्री व दुपारी बाराला वीज. फिनिकच्या मनगटावर हेमिचचे सोन्याचे कडे असते. निरोप घेताना हेमिच 'खरा शत्रू कोण ते लक्षात ठेव' असे बजावतो. तिसऱ्या जिल्ह्याचे पाव येतात ते चोवीस, आणि फिनिक ते पुन्हा पुन्हा मोजतो. मला पहिल्या वेळी वाटले होते की वाटणीवरून भांडण नको म्हणून मोजतो. तिसरा जिल्हा म्हणजे तिसरा दिवस, चोवीस पाव म्हणजे चोविसावा तास.

आणखी एक दगड येथे कोणी उचलला नाही. रिंगणापूर्वी हेमिच तिला विचारतो की तुला साथीदार कोण हवेत, आणि ती मॅग्ज, बीटी आणि वायरेस ही तीन नावे देते. तो हसण्यावारी नेतो. पुढे रक्ताच्या पावसातून जोहाना बीटी आणि वायरेस यांना ओढत किनाऱ्यावर आणते आणि चिडून कॅटनिसला सुनावते की यांना मी तुझ्यासाठी आणले. त्या वाक्याचा अर्थ विचारायला कॅटनिस थांबतच नाही. मीही पहिल्या वेळी थांबले नव्हते.

अर्धविराम

शेवंती, ते वाक्य मी दोन्ही वेळा वाचले आणि दोन्ही वेळा तसेच पुढे गेले. आज संध्याकाळी पुस्तक पुन्हा काढते.